डब्यावरचं बाळ

माझ्या मुलाचा चेहरा मी साताऱ्यातल्या एका वाण्याच्या दुकानात डब्यावर पाहिला. मी गूळ आणायला गेले होते. वाण्याच्या पाठीमागच्या फळीवर डबे ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येक डब्यावरून माझा मुलगा माझ्याकडे बघत होता. तेच कुरळं जावळ, डाव्या गालावरची तीच काजळाची तीट, तेच बोळकं तोंड. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, की बक्षीस मिळवणारं हे साताऱ्याचं बाळ याच शक्तिवर्धक पुडीवर वाढलं आहे, आणि असं त्याची आजी स्वतः सांगते.

मी वाण्याला म्हटलं, "जरा तो डबा दाखवा."

त्यानं डबा पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "तुम्हाला काय दाखवायचा, वहिनी! तुमच्यामुळं तर खपतोय."

गूळ न घेताच मी घरी आले.

मी जन्माची संशयी. चरवीत बोट बुडवून बघितल्याशिवाय मी गवळ्याकडून दूध घेतलं नाही, आणि तळहातावर चोळून वास घेतल्याशिवाय कधी तूप घेतलं नाही. सांगलीला माहेरी मला सगळे फौजदार म्हणत. पण त्या दिवशी मला पहिला संशय आला तो पुडीवाल्याचा नव्हे. आमच्या सासूबाईंचा.

त्याचं कारण सांगायचं तर आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी. मूल अंगानं भरलं, की त्याला काय खायला घालता हे बाहेर कुणाला खरं सांगायचं नाही. जे सांगाल त्याला दृष्ट लागते. दूध सांगितलं तर दूध बाधतं, लोणी सांगितलं तर लोणी. म्हणून भलतंच काहीतरी सांगायचं. दृष्ट मग त्या भलत्याला लागते आणि मूल सुटतं. विचारणारीलाही ठाऊक असायचं, की आपल्याला खरं उत्तर मिळणार नाही. तरी ती विचारायची, आणि हिनं थाप मारली की मान डोलवायची.

सासूबाई तर या बाबतीत फार कडक. त्यांचा पहिला मुलगा चालायला लागल्यावर गेला होता. एका लग्नात कुणा बाईनं त्याला मांडीवर घेऊन "काय हो घालता याला?" म्हणून विचारलं, आणि तेव्हा वयानं लहान असलेल्या सासूबाईंनी हरखून सगळं सांगितलं. घरी आल्यावर त्याला ताप भरला आणि तो काही उतरला नाही. त्यानंतर त्यांनी उभ्या जन्मात कुणाला खरं सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांच्या वेळी तर त्या म्हणे सांगत, की हा नुसत्या ताकाच्या निवळीवर आहे.

महायुद्धाची ती शेवटची वर्षं. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढाला उतारूंना खाली उतरून ढकलायला लावायच्या. अशा दिवसांत कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की गावात गुटगुटीत बाळांचं प्रदर्शन भरवावं. सासूबाईंचा विरोध होता. पण हे हौशी, त्यांनी नाव घातलं. नर्सबाईंनी मुलं तागडीत घालून तोलली, डोळे-जीभ बघितली, आणि आमच्याला पहिलं बक्षीस दिलं. चांदीची वाटी, आणि सांगलीच्या एका पुडीवाल्याकडून त्याच्या पुडीचा डबा. पुडीवाला स्वतः आला होता. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, बोलणं तुपासारखं. त्यानं फोटोग्राफरही बरोबर आणला होता.

वाटी मिळाली तशा बायका सासूबाईंच्या भोवती गोळा झाल्या. काय घालता हो, काय घालता हो. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. हातात तो डबा होता. त्यांनी तोच वर उचलला.

"ही काय, ही पुडी देतो. दुसरं काही नाही."

मी तिथंच होते. मला त्याचं काही वाटलं नाही, रोजचीच थाप. मागं पुडीवाला उभा होता, हे मात्र मी बघितलं होतं, आणि त्यानं फोटोग्राफरच्या कानाशी काही सांगितलं तेही बघितलं होतं.

घरी आल्यावर मी डबा उघडला. पिवळसर पूड, वेलदोड्याचा वास. चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी साखर लागली, मग वेलदोडा, आणि शेवटी टाळूला चिकटलं ते पीठ. वाटीभर कढत पाण्यात घालून ढवळली तर दाट खळ झाली. मी ती खळ ह्यांच्या टोप्यांना दिली. टोप्या चांगल्या कडक झाल्या, फक्त आठवडाभर ह्यांच्या डोक्याभोवती मुंग्या फिरत होत्या. डब्याच्या बाहेरचा कागद ओला होऊन सुटला, तर खाली बिस्किटांचं चित्र निघालं. जुने डबे विकत घेऊन वर आपला कागद चिकटवायचा, असा तो कारभार.

तर वाण्याकडून मी तरातरा घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, तुम्ही त्या माणसाला काय सांगितलंत?"

"त्या माणसाला मी काहीसुद्धा सांगितलं नाही. बायकांना सांगितलं."

"तो ऐकत होता. आता छापलंय त्यानं. डब्याडब्यावर."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून त्या म्हणाल्या, "बरंच झालं की. आता साऱ्या जिल्ह्याची दृष्ट त्या डब्याला लागेल."



आमच्या मागच्या अंगणात एक खोली होती, तिच्यात एक बाई भाड्यानं राहायची. नवरा फौजेत, दूर कुठंतरी लढाईवर. गल्ली तिला फौजीण म्हणायची. ती जतकडच्या कोरडवाहू गावची; माहेरी मेंढरं, ज्वारी आणि पाण्याची वणवण. तिचा भाऊ सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता, म्हणून ती साताऱ्याला आली होती. तिचं पहिलं मूल गेलं होतं. हे दुसरं, मुलगा, आमच्या मुलापेक्षा थोडा मोठा. नवऱ्यानं अजून त्याला पाहिलं नव्हतं. तिच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा.

"त्यो येईल तवा पोर कसं दिसाय पायजे, वैनी? असं मांडीवर घेतलं की मांडी भरली पायजे."

हिवतापानं तिचं अंगावरचं दूध आटलं होतं. गवळ्याचं म्हशीचं दूध ती पोराला पाजायची. पोर हडकुळं, पण चपळ होतं. उंबरा ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात यायचं आणि पळी घेऊन पळायचं.

त्याच सुमाराला माझ्या भावजयीचं डोहाळजेवण निघालं आणि मी मुलाला घेऊन सांगलीला गेले. माझ्या डोक्यातून डबा गेलेला नव्हता. भावाला म्हटलं, मला त्या पुडीवाल्याकडं ने. हळदीच्या वखारींमागच्या एका बोळात त्याचं दुकान होतं. आत दोन बायका जात्यावर काहीतरी भरडत होत्या. मी वाकून बघितलं. भाजके हरभरे. कोपऱ्यात तवकिलाच्या पिठाचं पोतं, आणि चाळलेली साखर. एवढ्या साखरेला त्याला परवाना कुणी दिला, हाही मला प्रश्न पडला.

मला बघून पुडीवाला गादीवरून उठलाच. "या, या! आमच्या डब्याची आई आली!" माझ्या मुलाच्या हातावर त्यानं बत्तासा ठेवला. मी तो काढून घेतला.

"हे औषध आहे का?" मी विचारलं.

"छे छे. औषध म्हटलं की परवाने आले, तपासण्या आल्या. हे शुद्ध अन्न आहे, वहिनी."

तेवढ्यात तासगावकडचा एक माणूस आला. त्याचं पोर सारखं आजारी पडायचं. पुडीवाल्यानं त्याला डबा दिला आणि सांगितलं, की यात असे औषधी गुण आहेत की खोकला, जुलाब, अशक्तपणा, सगळं जाईल. माणूस डबा धोतराच्या सोग्यात गुंडाळून गेला.

मी म्हटलं, "आता औषध म्हणालात."

"गुण औषधाचे म्हटलं. वस्तू अन्नच."

"मग अन्नात काय काय घातलंय ते डब्यावर छापा ना."

त्यानं जीभ चावली. "औषधाची कृती कुणी सांगतं का, वहिनी?"

भावाला हसू आलं, मला संताप आला. या माणसाचा प्रत्येक शब्द निसरडा. मी म्हटलं, "माझा मुलगा ही पुडी खात नाही. त्याचं चित्र काढून टाका."

तो शांतपणे म्हणाला, "आजींनी चार लोकांत सांगितलं आहे. आजी खोटं बोलल्या, असं आम्ही छापायचं का? तुम्ही सांगत असाल तर तसं छापतो."

माझ्याच घरातली थाप त्यानं माझ्या तोंडावर फेकली होती.

परत आल्यावर मी ह्यांच्या मागं लागले. हे एका कचेरीत गेले. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, की माल सांगली संस्थानातला, आमचा हात इंग्रजी मुलखापुरता. ह्यांनी सांगलीला माझ्या भावाकरवी विचारलं. तिथले म्हणाले, मूल साताऱ्याचं, विक्री साताऱ्याची, तक्रार तिकडंच करा. आणि त्याआधी हे औषध की अन्न ते ठरवून या, म्हणजे कुणाकडं जायचं ते सांगता येईल. हे दमून म्हणाले, "जाऊ दे. पिठानं कुणी मरत नाही." मला ते पटलं नाही, पण मीही इतर कामांत गुंतले.

सांगलीहून आल्यावर फौजिणीचा पोरगा मी बरेच दिवस नीट पाहिलाच नव्हता. एक दिवस ती त्याला कडेवर घेऊन आली. तिचं तोंड सगळं फुललेलं, आनंदानं.

"वैनी, बघा की! कसं बाळसं धरलंय! वाळं रुतायला लागल्यात पायात."

पोर खरंच फुगलं होतं. गाल गोल, डोळे बारीक झालेले, पाय गुबगुबीत. गल्लीतल्या बायकांनी तिला आधीच सांगितलं होतं, की तुझं पोर पुढच्या प्रदर्शनात बक्षीस घेणार. माझ्या मनात मात्र काहीतरी खटकलं. पोर पळीकडं बघत नव्हतं. कडेवर नुसतं बसून होतं, किरकिर करत. केस भुरे आणि विरळ झाले होते. मी म्हटलं, वाळे काढू या. काढले, तर जिथं वाळा होता तिथं खोल वळ राहिला. मी त्याच्या पावलावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

माझ्या वडिलांचे पाय शेवटच्या दुखण्यात असेच झाले होते.

"याला काय देतेस तू?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुमच्याच पोराचं. डबा."

"आणि दूध?"

"दूध बंद क्येलं. पुडीवालं आलं हुतं, त्येनी सांगितलं, डब्यात दूध हायच म्हून. दोनी कुठलं परवडायचं? पाण्यात कालवून देत्ये."

मी तिच्या खोलीत जाऊन डबा बघितला. ठळक मजकुराच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: बाळास नेहमीच्या भरपूर दुधासोबत द्यावे. फौजिणीला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिच्या नजरेला ती ओळ लागली नसती. पुडीवाला कधी पकडला गेलाच, तर त्या एका ओळीमागं लपणार होता. मी तिला ओळ वाचून दाखवली, सगळं सांगितलं. हे बाळसं नाही, सूज आहे. आमच्या मुलानं ही पुडी कधी चाखलेली नाही. डॉक्टरकडं चल.

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली, कारण आरशात ती मी रोज बघत होते. संशयाची.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. समद्याच असं म्हनत्यात. आमच्यात बी खरं कुनी सांगत न्हाई. माझं पोर तुमच्यागत दिसाय लागलं, आन आता तुमी म्हनताय डबा न्हाई."

"अगं, खोटं ते आधीचं होतं. हे खरं."

"तोंडानं कोन खरं बोलतंय? पर ह्ये छापल्यालं हाय. वर पोराची तसवीर हाय. छापून कुनी खोटं बोलतंय व्हय?"

तिनं पोराला पदराखाली झाकलं आणि दार लावून घेतलं.

मी तशीच सासूबाईंपुढं जाऊन उभी राहिले. माझा आवाज चढला होता, सासूबाईंपुढं तो कधी चढलेला नव्हता. म्हटलं, मागच्या खोलीतलं पोर पिठावर मरतंय. ते तुमच्या शब्दावर मरतंय. माझा शब्द ती घेत नाही. तुम्हीच जाऊन सांगा.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "सगळं सांगू? काय काय घालतो ते?"

"सगळं."

"आणि आपल्या बाळाला काही झालं तर?"

"आई, त्याला काही होणार नाही."

"तुला काय माहीत?" त्या एकदम ओरडल्या. "माझा मी घालवलाय! माझ्या तोंडानं घालवलाय! तू कुठं होतीस तेव्हा?"

हे बाहेरून धावत आले. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर त्यांची भीती मलाही चिकटली. माझा मुलगा पाळण्यात हातपाय झाडत होता. मी उगाचच त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नातवाला न्हाऊ घातलं, झबलं घातलं, तीट लावली, आणि त्याला उचलून मागच्या अंगणात चालू लागल्या. मी पाठोपाठ गेले. फौजीण दारात भांडी घासत होती. तिचं पोर भिंतीला टेकून बसलं होतं, गाल आणखी फुगलेले. सासूबाई त्याच्याकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी वाकून त्याच्या पावलावर बोट दाबलं, आणि तो खड्डा बघितला.

त्यांनी आमच्या मुलाला फौजिणीच्या मांडीवर ठेवलं. पदराचं टोक ओलं करून त्याच्या गालावरची तीट पुसली. सासूबाईंनी आजवर त्याला तीट नसताना उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "डोळे भरून बघ. हा आईच्या अंगावर पितो. वर दोन्ही वेळा शेळीचं दूध. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून मी स्वतः सत्त्व गाळते, ते दुधात शिजवून देते. मुगाचं कढण. मऊ भात, त्यावर लोणी. डब्यातला कण याच्या तोंडात गेलेला नाही. डब्याची हिनं टोपीला खळ दिली. मी खोटं बोलले."

फौजिणीच्या डोळ्यांत संशय अजून होताच. सासूबाईंनीही तो बघितला. त्यांनी आपला हात नातवाच्या डोक्यावर ठेवला.

"तुला याच्या गळ्याची शपथ आहे. आजपासून ती पुडी पोराच्या तोंडात घालायची नाही. दूध द्यायचं आणि डॉक्टरला दाखवायचं."

आमच्याकडं गळ्याची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. ज्याला घातली त्यानं ती मोडली, तर ती बाधते ज्याच्या नावानं घातली त्याला. आणि घालणारा जोवर 'सुटली' म्हणत नाही तोवर ती असतेच. सासूबाईंनी आमच्या मुलाचा जीव त्या बाईच्या हाती दिला होता, आणि मला विचारलंही नव्हतं.

फौजिणीच्या हातातली राख गळून पडली. "आवं आजी, ह्ये काय क्येलंसा! सुटली म्हना! आदी सुटली म्हना!"

"पोर बरं होऊ दे. मग म्हणते," सासूबाई म्हणाल्या, आणि नातवाला उचलून घरात आल्या.

त्याच दिवशी आम्ही तिघी गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनीही पाऊल दाबलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. उपासमारीची सूज, म्हणाले. पोट भरतंय, पण अंगाला काही मिळत नाही. थोडं थोडं दूध द्या, पचेल तसं वाढवा. जाताना त्यांनी आणखी एक बजावलं: सूज उतरली की मूल फार वाईट दिसेल, तेव्हा घाबरू नका.

ते दिवस मी विसरणार नाही. सूज उतरू लागली आणि आत पोर किती उरलंय ते दिसू लागलं. बरगड्या, गुडघे आणि मोठं डोकं. आधी ज्या बायका बक्षिसाच्या गोष्टी करत होत्या, त्याच म्हणू लागल्या, की बामणाच्या म्हातारीनं काहीतरी केलं. चांगलं भरलेलं पोर हिच्या नजरेनं वाळलं. सासूबाईंच्या कानावर ते येत होतं. त्या मोड आलेली नाचणी दुप्पट वाटत होत्या, आमच्या शेळीचं दूध अर्धं मागं पाठवत होत्या.

आणि मी? मी खिडकीतून फौजिणीवर पाळत ठेवत होते. तिचा डबा अजून फळीवर होता. ती पोराला वाटीतून काय देते हे दिसावं म्हणून मी निमित्त काढून तिच्या खोलीत जायचे, वाटीचा वास घ्यायचे. माझा मुलगा शिंकला तरी मला वाटायचं, हिनं पुडी दिली. मला अशा गोष्टींवर विश्वास नाही, असं मी ह्यांना नेहमी सांगत असे. त्या दिवसांत मी सांगितलं नाही.

आणि नेमका तेव्हाच पुडीवाला आला. गल्लीत गिऱ्हाइकं बघत फिरत होता. मी न्हाणीघरात कपडे घासत होते. न्हाणीघर आणि अंगण यांच्यामधली भिंत छातीएवढीच होती. त्यानं फौजिणीचं पोर बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"अरेरे! पुडी बंद केलीत का, बाई? म्हणून तर वाळलं. बंद केली की असंच होतं. परत चालू करा, आठवड्यात अंग धरतं की नाही बघा. हा डबा ठेवा, नंतर बघू पैशांचं."

यात एक शब्द खोटा नव्हता, आणि हेच मला सहन होईना. पुडी बंद केली म्हणून पोर वाळलेलं दिसत होतं, आणि चालू केली असती तर पुन्हा फुगलंही असतं. मी ओल्या हातांनी भिंतीशी उभी राहिले. फौजीण डब्याकडं बघत होती. वरच्या चित्राकडं, मग मांडीवरच्या पोराकडं. नवऱ्याचं पत्र आलं होतं, रजा मिळेल म्हणून. त्याला ती हे पोर दाखवणार होती. तिनं हात पुढं केला आणि डबा घेतला.

तिनं डबा फिरवून चित्र त्याच्या तोंडासमोर धरलं.

"ह्या पोराची आन हाय मला," ती म्हणाली. "ह्येच्याच. न्ह्या तुमचा डबा."

पुडीवाल्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "अहो, पण हे बाळ तर हीच पुडी—"

"न्हाई खात. मला ठावं हाय. जावा."

तो गेला. मी कपडे तसेच टाकून आत गेले आणि माझ्या झोपलेल्या मुलाशेजारी बसून रडले.

पोरानं अंग धरायला वेळ घेतला. नवरा रजेवर आला तेव्हा ते हडकुळंच होतं, पण पळी घेऊन पळत होतं. फौजी माणसानं त्याला उंच उचललं आणि म्हणाला, "लय हलका गडी हाय, पर तगडा हाय रं!" फौजीण तोंडावर पदर घेऊन हसली.

आमच्या मुलाचं चित्र पुढं डब्यावरून गेलं. आमच्या सांगण्यानं नव्हे; पुढच्या प्रदर्शनात दुसऱ्या बाळाला बक्षीस मिळालं, म्हणून. ते बाळ कुणाचं होतं आणि त्याची आजी काय म्हणाली होती, हे मी विचारायला गेले नाही. पण पेठेतून जाताना मी प्रत्येक दुकानापुढं थांबून फळीकडं बघायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. फौजिणीचं पोर मधोमध बसून तिळाची वडी चोखत होतं. गाल भरले होते आणि दाबले तर वर येत होते. मी येताजाता दाबून बघत असे. एका बाईनं त्याला जवळ ओढलं आणि व्हायचं तेच झालं. तिनं विचारलं, "काय गं घालतेस याला?"

फौजिणीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिच्या ओठांवर काय येऊ पाहत होतं ते मला कळत होतं, बसलेल्या सगळ्याच बायकांना कळत होतं. तिचंही एक मूल गेलेलं होतं. तिनं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई हातात गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या.

"म्हशीचं दूध," फौजीण म्हणाली, खणखणीत आवाजात. "ह्या आजी देत्यात त्ये नाचनीचं सत्त्व. वरनभात. आन भाऊ आनतोय तवा अंडं. डबा न्हाई. डब्यानं माझं पोर मरत हुतं."

कुणी मान डोलवली नाही. एकदोघी खाली बघू लागल्या. त्यांच्या घरी डबा होता, हे मला माहीत होतं. मग त्यातली एक हळूच म्हणाली, "नाचणी किती वेळ भिजवायची?"

फौजीण सासूबाईंकडं वळली. "आजी, आता तरी म्हना की."

सासूबाईंनी गुलाबदाणी खाली ठेवली. दोन्ही पोरांना ओढून शेजारी शेजारी बसवलं, आत जाऊन मीठमोहऱ्या घेऊन आल्या, आणि दोघांवरून एकदमच ओवाळल्या.

"सुटली," त्या म्हणाल्या, आणि मीठमोहऱ्या चुलीत टाकायला आत गेल्या.